इन्व्हेंटरी स्कॅनमध्ये ड्राइव्ह एन्क्रिप्शन चुकीचे दिसते तेव्हा काय तपासावे

कोल्हापूरच्या शाहूपुरीतील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात नेटवर्कचा इन्व्हेंटरी स्कॅन (सर्व संगणकांची माहिती आपोआप गोळा करणारी तपासणी) चालवला, तेव्हा अहवालात १४ संगणक आले आणि त्यांपैकी ९ संगणकांसमोर ‘ड्राइव्ह एन्क्रिप्शन’ (डिस्कवरील माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करणे) या रकान्यात ‘नाही’ असे उमटले. आदल्याच आठवड्यात मी स्वतः तिथे बसून बहुतेक संगणकांवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधील एन्क्रिप्शनची सोय, चालू केले होते. कार्यालयातील लिपिकाने अहवालाचा कागद माझ्यासमोर धरला आणि विचारले, “काय ओ सर, गेल्या आठवड्यात सगळं लावून गेला हुता की, मग आता परत ‘नाही’ कसं काय म्हणतंय हे?”

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझा पूर्ण दिवस गेला. या कामात नव्याने पडलेल्यांचा तेवढा दिवस वाचावा, म्हणून तपासणीचा क्रम पुढे सविस्तर मांडला आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी. अहवालातील ‘नाही’ हा शब्द तीन अगदी वेगळ्या परिस्थितींसाठी वापरला जातो: ड्राइव्ह खरोखरच एन्क्रिप्ट केलेली नसते, किंवा ती एन्क्रिप्ट केलेली असते, पण तिचे संरक्षण थांबवलेले असते, किंवा स्कॅनरला त्या संगणकाला हा प्रश्न विचारताच आलेला नसतो आणि सॉफ्टवेअरने रिकाम्या उत्तराच्या जागी ‘नाही’ भरून टाकलेले असते. पुढील सर्व पायऱ्या या तिन्हींची फारकत करण्यासाठीच आहेत.

कोल्हापुरात हा विषय केवळ कागदोपत्री राहत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पाणी व्हीनस कॉर्नरपर्यंत आले होते, आणि तेव्हापासून राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की सखल भागातील कार्यालयांतून संगणक उचलून वरच्या मजल्यावर किंवा कुणाच्या तरी घरी नेले जातात. अशा धावपळीत एखादा लॅपटॉप गहाळ झाला, तर त्यातील पॅन, आधार आणि विवरणपत्रे कुणाच्या हाती लागतील, हे एन्क्रिप्शन होते की नव्हते यावर ठरते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न राखल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. त्यामुळे ‘अहवालात तसे दिसत होते’ एवढ्यावर कुणाला भागवता येणार नाही.

हात लावण्यापूर्वी

या लेखात आदेशांची आणि त्रुटींची नावे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची आहेत.

कोणत्याही संगणकाची तपासणी सुरू करण्यापूर्वी त्याची रिकव्हरी की, म्हणजे अडल्यावर ड्राइव्ह उघडणारी राखीव किल्ली, कुठे आहे, हे शोधून ठेवावे. बिटलॉकरची रिकव्हरी की ४८ अंकी असते आणि सहा-सहा अंकांच्या आठ गटांत लिहिलेली असते. हा आग्रह मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी एका दुकानातील लॅपटॉपसमोर अहवालात ‘नाही’ असे होते. त्यावर विसंबून मी बायोस (संगणक सुरू करणारे मदरबोर्डवरील सॉफ्टवेअर) अद्ययावत केले, आणि संगणक पुन्हा सुरू होताच निळ्या पडद्यावर त्या ४८ अंकांची मागणी झाली. विंडोजची होम आवृत्ती असलेल्या त्या लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप चालू झालेले होते, आणि होम आवृत्तीत एन्क्रिप्शन असूच शकत नाही असे गृहीत धरून स्कॅनरने तो संगणक वगळला होता. लॅपटॉप नवीन आणला तेव्हा मालकांच्या पुतण्याने स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने तो सुरू करून दिला होता, आणि रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसली होती. पुतण्या पुण्यात शिकायला होता. त्याची परीक्षा संपून तो फोन उचलेपर्यंत दुकानाचे बिलिंग वहीवर चालले.

दुसरी खबरदारी अशी, की अहवाल दुरुस्त करण्यासाठी म्हणून ‘टर्न ऑफ बिटलॉकर’ दाबून पुन्हा चालू करण्याचा प्रयोग करू नये. त्या बटणाने संपूर्ण ड्राइव्ह डिक्रिप्ट होऊ लागते, त्यात बराच वेळ जातो, आणि मूळ दोष जर स्कॅनरच्या परवानग्यांत असेल तर एवढे करूनही अहवालात ‘नाही’ तसेच राहते.

आधी टेबले मोजावीत

पहिली पायरी संगणकावरची नाही. कार्यालयात फिरून संगणक मोजावेत आणि ती संख्या अहवालाशी ताडून पाहावी. शाहूपुरीच्या त्या कार्यालयात अहवालात १४ संगणक होते आणि टेबलांवर १५. हा एकाचा फरक मी सुरुवातीला सोडून दिला होता, ते चुकले.

आपल्याकडे जुळवून घेतलेले, म्हणजे असेंबल केलेले संगणक भरपूर असतात. अशा संगणकांच्या मदरबोर्डमध्ये अनुक्रमांकाच्या जागी अनेकदा ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ हेच वाक्य तसेच राहिलेले असते. अनुक्रमांकावरून संगणक ओळखणारे सॉफ्टवेअर मग असे दोन संगणक एकच समजते, आणि जो शेवटी स्कॅन झाला त्याची माहिती दोघांच्या नावावर टाकते. एक संगणक एन्क्रिप्ट केलेला आणि दुसरा नसलेला असेल, तर अहवाल एके दिवशी ‘हो’ आणि दुसऱ्या दिवशी ‘नाही’ दाखवतो, आणि नवखा माणूस बिटलॉकरमध्ये दोष शोधत बसतो. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये संगणक ओळखण्यासाठी नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (त्या कार्डाचा ओळख क्रमांक) किंवा संगणकाचे नाव जोडीला घेण्याची सोय असल्यास ती वापरावी.

त्यानंतर प्रत्येक ओळीसमोरची ‘शेवटचा स्कॅन’ ही तारीख पाहावी. स्कॅन बहुधा मध्यरात्रीनंतर चालण्यासाठी लावलेला असतो, आणि आपल्याकडे तर रात्री कुलूप लावताना मेन स्विच पाडण्याची पद्धत असते. बंद संगणकाकडून उत्तर मिळत नाही, तेव्हा सॉफ्टवेअर जुनीच माहिती दाखवत राहते. तारीख एन्क्रिप्शन चालू केल्याच्या आधीची असेल, तर पुढे काही तपासण्याची गरज नाही. स्कॅनची वेळ दुपारी बाराची करावी आणि पुन्हा पाहावे. केवळ आयपी पत्त्यावरून नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक घोटाळा होतो. राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला की पत्ते बदलू शकतात, आणि एका संगणकाचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर चढते.

संगणकालाच विचारावे

आता अहवाल बाजूला ठेवावा आणि ज्या संगणकाबद्दल शंका आहे, त्याच्यासमोर बसावे. स्टार्ट मेन्यूत कमांड प्रॉम्प्ट शोधून त्यावर उजवी क्लिक करावी, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे आणि ‘मॅनेज-बीडीई’ हा आदेश ‘-स्टेटस’ या पर्यायासह द्यावा. साध्या खिडकीत हा आदेश चालत नाही. प्रत्येक व्हॉल्यूमची, म्हणजे सी, डी अशा प्रत्येक ड्राइव्हची, माहिती स्वतंत्रपणे उमटते. त्या यादीतील ‘कन्व्हर्जन स्टेटस’, ‘पर्सेंटेज एन्क्रिप्टेड’, ‘प्रोटेक्शन स्टेटस’, ‘लॉक स्टेटस’ आणि ‘की प्रोटेक्टर्स’ (किल्ली राखणारी साधने) या पाच ओळी वहीत उतरवून घ्याव्यात. संगणकाचे नाव आणि वेळही लिहावी. संध्याकाळपर्यंत कोणत्या संगणकावर काय पाहिले, याचा मेळ डोक्यात राहत नाही.

इथे मिळालेले उत्तर हेच खरे मानायचे. अहवाल याच्याशी जुळला तर दोष अहवालात नाही. न जुळला तर तो स्कॅनच्या वाटेत कुठेतरी आहे.

एक अडचण मात्र फसवी आहे. काही इन्व्हेंटरी सॉफ्टवेअरचा एजंट, म्हणजे प्रत्येक संगणकावर बसवलेला छोटा प्रोग्राम, ३२ बिटचा असतो. ‘मॅनेज-बीडीई’ ही फाइल ६४ बिट विंडोजच्या ‘सिस्टम३२’ फोल्डरमध्ये असते, आणि ३२ बिटचा प्रोग्राम तिथे पोहोचू गेला की विंडोज त्याला गुपचूप ‘सिसवॉव६४’ या दुसऱ्या फोल्डरकडे वळवते, जिथे ही फाइल नसते. तुम्ही हाताने आदेश दिला की चालतो, एजंटने दिला की ‘फाइल सापडली नाही’. एजंटच्या स्क्रिप्टमधील मार्गात ‘सिस्टम३२’ ऐवजी ‘सिसनेटिव्ह’ लिहिले की हा प्रश्न सुटतो.

दोन आकडे एकत्र वाचावेत

बहुतेक स्कॅनर विंडोजच्या व्यवस्थापन यंत्रणेला, म्हणजे डब्ल्यूएमआयला, प्रश्न विचारतात. एन्क्रिप्शनची माहिती तिथे ‘विन३२_एन्क्रिप्टेबलव्हॉल्यूम’ या वर्गात असते, आणि ती आकड्यांच्या रूपात मिळते; ‘मॅनेज-बीडीई’ तीच माहिती शब्दांत दाखवते. सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, त्यामुळे हा भाग सावकाश वाचावा.

‘प्रोटेक्शनस्टेटस’ हा पहिला आकडा. तो १ असला, तर व्हॉल्यूम पूर्ण एन्क्रिप्ट केलेला आहे आणि त्याची किल्ली सुरक्षित आहे. तो २ असला, तर स्थिती कळू शकत नाही. व्हॉल्यूम कुलूपबंद असताना असे होते. तो ० असला, की बहुतेक अहवाल ‘एन्क्रिप्शन नाही’ असे छापून मोकळे होतात. मायक्रोसॉफ्टच्या व्याख्येप्रमाणे मात्र ० चा अर्थ एवढाच, की संरक्षण बंद आहे. आणि ते बंद असण्याची कारणे तीन असतात. व्हॉल्यूम एन्क्रिप्ट केलेला नाही, किंवा अर्धवट झालेला आहे, किंवा पूर्ण झालेला असूनही त्याची किल्ली त्याच डिस्कवर उघडी ठेवलेली आहे. शेवटच्या प्रकारात दाराला कुलूप दिसते, पण किल्ली कुलपालाच लटकत असते.

म्हणून ‘कन्व्हर्जनस्टेटस’ हा दुसरा आकडा सोबत वाचावा लागतो. त्यात ० म्हणजे पूर्णपणे डिक्रिप्ट, १ म्हणजे पूर्णपणे एन्क्रिप्ट, २ म्हणजे एन्क्रिप्शन चालू आहे, ३ म्हणजे डिक्रिप्शन चालू आहे, आणि ४ व ५ म्हणजे अनुक्रमे एन्क्रिप्शन व डिक्रिप्शन मध्येच थांबवलेले आहे. दोन्ही आकडे ० असतील, तर अहवालातील ‘नाही’ खरे आहे आणि तिथे एन्क्रिप्शन करणे हेच काम आहे. दोन्ही १ असतील आणि तरीही अहवाल ‘नाही’ म्हणत असेल, तर माहिती स्कॅनरपर्यंत पोहोचलेली नाही. पहिला ० आणि दुसरा २ असेल, तर थांबावे. काम चालू आहे.

पहिला ० आणि दुसरा १ हे सर्वांत बोलके उत्तर आहे. शाहूपुरीच्या कार्यालयातील एका लॅपटॉपवर मी वहीत पुढील ओळी उतरवल्या होत्या: कन्व्हर्जन स्टेटस – युज्ड स्पेस ओन्ली एन्क्रिप्टेड (फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट); पर्सेंटेज एन्क्रिप्टेड – १०० टक्के; प्रोटेक्शन स्टेटस – प्रोटेक्शन ऑफ; की प्रोटेक्टर्स – नन फाउंड. शेवटची ओळ महत्त्वाची. एकही प्रोटेक्टर नाही, याचा अर्थ कारखान्यातून येतानाच डिस्क एन्क्रिप्ट केलेली होती, पण ‘सक्रिय होण्याच्या प्रतीक्षेत’ पडून होती. मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर किंवा रिकव्हरी की कुठेतरी जतन केल्यावर ती सक्रिय झाली असती. स्थानिक खाते वापरल्यामुळे ते कधी घडले नाही. फाइल एक्स्प्लोररमध्ये सी ड्राइव्हच्या चित्रावर पिवळा त्रिकोण दिसत होता, तो कुणी पाहिलेला नव्हता. कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर चालू करून रिकव्हरी की जतन केली, की काही क्षणांतच ‘प्रोटेक्शन ऑन’ झाले, कारण एन्क्रिप्शन आधीच झालेले होते.

शेजारच्या टेबलावरील लॅपटॉपवर आकडे तेच होते, पण ‘की प्रोटेक्टर्स’खाली टीपीएम (किल्ली जपणारी चिप) आणि न्यूमेरिकल पासवर्ड (तीच ४८ अंकी रिकव्हरी की) अशा दोन नोंदी होत्या. प्रोटेक्टर असूनही संरक्षण बंद, म्हणजे कुणीतरी बिटलॉकर तात्पुरते थांबवलेले आहे. बायोस अद्ययावत करण्यापूर्वी असे थांबवणे योग्यच असते. तसे थांबवताना किती वेळा संगणक पुन्हा सुरू झाल्यावर संरक्षण परत यावे, हा आकडा देता येतो. तो ० दिला तर ते आपण होऊन कधीच परत येत नाही. इथे तेच झाले होते. ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -एनेबल सी:’ हा एक आदेश पुरेसा ठरला.

या दोन्ही लॅपटॉपांच्या बाबतीत अहवालाने ‘एन्क्रिप्शन नाही’ म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चुकीचे होते, पण ‘सुरक्षित नाही’ हा त्यातून निघणारा अर्थ बरोबर होता. त्यामुळे असे ‘नाही’ दिसले की केवळ अहवालातील शब्द बदलून ‘हो’ करू नये.

स्कॅनरला उत्तर का मिळत नाही

संगणकासमोर बसून दोन्ही आकडे १ दिसतात, तरीही अहवाल ‘नाही’ म्हणतो, अशा वेळी स्कॅनरचा लॉग, म्हणजे त्याच्या कामाची नोंदवही, उघडावा. रॅम, प्रोसेसर, सॉफ्टवेअरची यादी असे सगळे व्यवस्थित येते आणि फक्त एन्क्रिप्शनचा रकाना रिकामा राहतो, असे अनेकदा आढळते. याचे कारण असे, की सर्वसाधारण माहिती डब्ल्यूएमआयच्या ‘रूट\सिमव्ही२’ या दालनात असते, तर एन्क्रिप्शनची माहिती त्याच्या आतल्या ‘सिक्युरिटी\मायक्रोसॉफ्टव्हॉल्यूमएन्क्रिप्शन’ या वेगळ्या, बंदिस्त दालनात. तिथे ॲडमिनिस्ट्रेटरच्या पूर्ण अधिकारांशिवाय प्रवेश नाही. शिवाय दुसऱ्या संगणकावरून डीकॉम या दूरस्थ संपर्काच्या जुन्या पद्धतीने विचारायचे असेल, तर संभाषणासाठी ‘पॅकेट प्रायव्हसी’ ही पातळी मागावी लागते, म्हणजे येणारी-जाणारी माहिती वाटेत वाचता येऊ नये. ही पातळी न मागणाऱ्या स्कॅनरला बरोबर पासवर्ड देऊनही नकार मिळतो. पॉवरशेलमधून ‘गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट’ वापरत असाल तर ‘-ऑथेंटिकेशन पॅकेटप्रायव्हसी’ जोडावे.

दुसरा मोठा अडथळा वर्कग्रुपचा, म्हणजे मध्यवर्ती सर्व्हरशिवाय जोडलेल्या संगणकांचा. आपल्याकडील लहान कार्यालयांत डोमेन सर्व्हर (सर्वांची खाती एका जागी सांभाळणारा) क्वचितच असतो. प्रत्येक संगणकावर स्थानिक ॲडमिन खाते असते. अशा खात्याने नेटवर्कवरून प्रवेश केला, की विंडोज त्याचे ॲडमिनचे अधिकार काढून घेते आणि त्याला साध्या वापरकर्त्याप्रमाणे वागवते. समोर बसून चालणारे खाते नेटवर्कवरून चालत नाही, ते यामुळे. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, ‘लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी’ची किंमत १ केली की ही गाळणी निघते. पण एकच पासवर्ड सर्व संगणकांवर असलेल्या कार्यालयात असे करणे म्हणजे एका संगणकात शिरलेल्याला बाकीच्या सर्वांत वाट करून देणे आहे. अशा ठिकाणी मी ही किंमत बदलत नाही आणि एजंट बसवतो. एजंट ‘लोकल सिस्टम’ या खात्याखाली चालतो, त्याला बंदिस्त दालन आतूनच खुले असते, आणि पॅकेट प्रायव्हसीचाही प्रश्न उरत नाही. पंधरा संगणकांवर एजंट बसवायला अर्धा दिवस जातो, पण नंतरची कटकट वाचते.

लॉगमध्ये पुढील आकडे आढळतात. ०एक्स८००४१००३ आणि ०एक्स८००७०००५ म्हणजे प्रवेश नाकारला. वरील दोन परिच्छेद त्यासाठीच आहेत. ०एक्स८००७०६बीए म्हणजे संगणकापर्यंत पोहोचताच आले नाही: तो बंद असेल, किंवा फायरवॉलने पोर्ट १३५ किंवा त्यापुढील ४९१५२ ते ६५५३५ या पट्ट्यातील पोर्ट अडवले असतील. कार्यालयात नवा राउटर बसवल्यानंतर ही त्रुटी आली, तर आधी नेटवर्कचा प्रकार पाहावा. विंडोज नव्या नेटवर्कला ‘पब्लिक’ समजते आणि दारे लावून घेते. ते ‘प्रायव्हेट’ करावे. ०एक्स८००४१००ई म्हणजे ते दालनच अस्तित्वात नाही. विंडोज सर्व्हरवर हे स्वाभाविक आहे, कारण तिथे बिटलॉकर हा वेगळा बसवण्याचा घटक असतो. साध्या विंडोजवर ही त्रुटी आली, तर ॲडमिन अधिकारांनी ‘सिस्टम३२\डब्ल्यूबीईएम’ या फोल्डरमध्ये जाऊन ‘मॉफकॉम्प विन३२_एन्क्रिप्टेबलव्हॉल्यूम.मॉफ’ हा आदेश द्यावा; हरवलेली नोंद पुन्हा तयार होते.

जुन्या स्क्रिप्ट वापरणाऱ्यांसाठी आणखी एक नोंद. ‘डब्ल्यूएमआयसी’ ही उपयुक्तता विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मुळात चालू नसते. तिच्यावर बेतलेली स्क्रिप्ट नव्या लॅपटॉपवर रिकामे उत्तर देते, आणि रिकाम्याचे ‘नाही’ व्हायला वेळ लागत नाही. अशा स्क्रिप्ट ‘गेट-सिमइन्स्टन्स’वर आणाव्यात.

‘हो’सुद्धा तपासावे

‘नाही’ चुकीचे असले तर निदान कुणीतरी तक्रार करते. चुकीच्या ‘हो’बद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी प्रत्येक अहवालातील काही ‘हो’ मुद्दाम उघडून पाहतो. अनेक सॉफ्टवेअर केवळ सी ड्राइव्ह पाहतात आणि संपूर्ण संगणकाला ‘हो’ देतात. आपल्या कार्यालयांत मात्र ‘विंडोज उडाले तर डेटा वाचावा’ म्हणून टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर ठेवण्याची जुनी सवय आहे. सी एन्क्रिप्ट केलेला, डी उघडा, आणि सगळे हिशेब डी वर! शाहूपुरीत हिशेबांच्या मुख्य संगणकावर हेच निघाले. अहवालात संगणकाऐवजी व्हॉल्यूमनिहाय ओळी मागाव्यात. त्या मागितल्यावर ईएफआय (संगणक सुरू करण्यासाठीचे) आणि रिकव्हरी (दुरुस्तीसाठीचे) ही अक्षर नसलेली छोटी पार्टिशनेही एन्क्रिप्ट न केलेली दिसू शकतात. ईएफआय पार्टिशन तसेच राहावे लागते, नाहीतर संगणक सुरूच होणार नाही. स्कॅनच्या वेळी लावलेला पेनड्राइव्हही यादीत येऊन संगणकाला ‘अंशतः’ ठरवतो. ‘व्हॉल्यूमटाइप’ या रकान्यात ० म्हणजे विंडोजचा, १ म्हणजे आतला डेटाचा आणि २ म्हणजे काढता येणारा व्हॉल्यूम, त्यावरून तो वेगळा काढता येतो.

‘एन्क्रिप्शनमेथड’ ५ असेल, तर एन्क्रिप्शनचे काम विंडोज करत नसून एसएसडी स्वतः करत आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही एसएसडींच्या अशा एन्क्रिप्शनमधील गंभीर त्रुटी दाखवून दिल्या, आणि पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने नव्या ड्राइव्हसाठी सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन हाच मूळ पर्याय केला. ५ दिसला, तर तो ‘हो’ मी कच्चा धरतो.

बिटलॉकरखेरीज इतर प्रकार

व्हेराक्रिप्ट या स्वतंत्र सॉफ्टवेअरने एन्क्रिप्ट केलेली ड्राइव्ह बिटलॉकरच्या वर्गात दोन्ही आकडे ० दाखवते, कारण विंडोजला त्याची खबरच नसते. व्हेराक्रिप्ट स्थापित आहे का, हे सॉफ्टवेअरच्या यादीत पाहावे आणि त्याच्या खिडकीत सिस्टम ड्राइव्हची नोंद तपासावी. अहवालाचे ऐकून त्यावर बिटलॉकर चालू करू नये.

मुद्रण आणि डिझाइनच्या व्यवसायात ॲपलचे मॅक संगणक असतात. तिथे टर्मिनलमध्ये ‘एफडीईसेटअप स्टेटस’ दिल्यावर फाइलव्हॉल्ट (मॅकमधील एन्क्रिप्शनची सोय) चालू की बंद, एवढे स्पष्ट कळते. टी२ चिप किंवा ॲपलची स्वतःची चिप असलेल्या मॅकमध्ये आतली डिस्क नेहमीच एन्क्रिप्ट केलेली असते, पण फाइलव्हॉल्ट बंद असेल तर ती उघडण्यासाठी वापरकर्त्याचा पासवर्ड लागत नाही. म्हणून अहवालात फाइलव्हॉल्टचीच स्थिती धरावी. लिनक्सवर ‘एलएसबीएलके -एफ’ दिल्यावर ‘क्रिप्टो_लुक्स’ असे दिसले, तर ते पार्टिशन एन्क्रिप्ट केलेले आहे. व्हर्च्युअल मशीनच्या (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेल्या संगणकाच्या) आतून ‘नाही’ दिसत असेल, तर ते ज्या सर्व्हरवर चालते त्याची डिस्क पाहावी.

पुन्हा स्कॅन

सर्व दुरुस्त्या झाल्यावर लगेच संपूर्ण नेटवर्क स्कॅन करू नये. आधी दोन संगणक निवडावेत: एक नक्की एन्क्रिप्ट केलेला, एक नक्की नसलेला. या दोघांचीच उत्तरे बरोबर आली, तर स्कॅनरवर विश्वास ठेवून बाकीचे घ्यावेत. सॉफ्टवेअरमध्ये सोय असल्यास रिकाम्या उत्तरासाठी ‘नाही’ऐवजी ‘माहिती नाही’ हा शब्द लावावा, आणि ‘संरक्षण थांबवलेले’ ही चौथी नोंद करावी.

शाहूपुरीच्या कार्यालयातील ९ ‘नाही’चा हिशेब अखेर असा लागला. तीन संगणक खरोखरच एन्क्रिप्ट केलेले नव्हते. त्यांत एक असा होता, जो माझ्याकडूनच राहून गेला होता. दोन लॅपटॉपांचे संरक्षण बंद होते. दोन संगणक रात्रीच्या स्कॅनच्या वेळी बंद असत, त्यामुळे त्यांची माहिती महिन्यापूर्वीची होती. एक होम आवृत्तीचा होता आणि त्याचे डिव्हाइस एन्क्रिप्शन व्यवस्थित चालू होते. उरलेली ओळ दोन असेंबल संगणकांची मिळून एक झालेली होती, आणि पंधरावा संगणक तिच्यातच दडलेला होता.

हिशेबांच्या संगणकावरील डी ड्राइव्हचे एन्क्रिप्शन टॅलीचा बॅकअप घेऊन आणि रिकव्हरी की छापून संध्याकाळी सहा वाजता सुरू केले. सी ड्राइव्ह उघडली की डी आपोआप उघडावी, अशी सोयही करून ठेवली, नाहीतर रोज सकाळी ती कुलूपबंद राहून स्कॅनला २ हे उत्तर देत राहिली असती. निघताना लिपिकांना सांगितले, की काम पूर्ण होईपर्यंत त्या ड्राइव्हसमोर ‘नाही’च येईल, तेव्हा उद्या दुपारच्या स्कॅनआधी कागद छापू नका, आणि आज रात्री फक्त त्या टेबलाचा स्विच तेवढा चालू राहू द्या.